बिडी, सिगारेट आणि गांजा: फुप्फुसांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी छातीच्या विकारांच्या ओपीडीत बसते. बिडी-सिगारेटचे प्रश्न तिथे सगळ्यांसमोर विचारले जातात. गांजाचे प्रश्न मात्र बरोबर आलेली आई किंवा बायको केसपेपर घ्यायला बाहेर गेली की हळू आवाजात येतात. दोन्हींची उत्तरं इथे एकत्रच दिली आहेत, कारण आपल्याकडे गांजा ओढणारे बरेच जण तो तंबाखूत मिसळूनच ओढतात आणि फुप्फुसाला दोन्ही धूर एकदमच सोसावे लागतात.

धूर आत गेल्यावर नेमकं होतं काय?

श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर अतिशय बारीक तंतू असतात, त्यांना सिलिया म्हणतात. ते सतत हलत असतात आणि धूळ, जंतू, कफ हे सगळं घशाकडे वर ढकलत असतात. धुराने आधी त्यांची हालचाल मंदावते, मग ते झडायला लागतात. त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या पेशी मात्र वाढतात. कफ जास्त आणि तो बाहेर काढण्याची सोय बंद, अशी स्थिती होते. सकाळी उठल्या उठल्या तोंड धुताना खोकून खोकून बेडका काढावा लागतो तो यामुळे. "ओढणाऱ्याला एवढा खोकला असायचाच" असं म्हणून लोक वर्षानुवर्षं तो अंगावर काढतात. खरं तर तो आजार सुरू झाल्याची खूण आहे.

नळ्यांच्या टोकाला हवेच्या पिशव्या असतात, तीस ते पन्नास कोटी. ऑक्सिजन रक्तात उतरतो तो इथे. धूर इथवर पोचला की शरीराच्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि त्यांच्यातून निघणारी विकरं पिशव्यांच्या भिंतीतले लवचीक धागेच तोडतात. पिशव्या फाटून एकमेकींत मिसळतात, फुप्फुस सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखं होतं. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. याला एम्फिसीमा म्हणतात. वरचा कफाचा आजार आणि हा एम्फिसीमा, दोन्ही मिळून ज्याला आपण सीओपीडी म्हणतो तो आजार होतो. फाटलेल्या पिशव्या पुन्हा तयार होत नाहीत.

तंबाखूच्या धुराबद्दल हे सगळं पक्कं सिद्ध झालेलं आहे. गांजाच्या धुराबद्दल पहिला भाग, म्हणजे कफ, खोकला आणि नळ्यांची सूज, तितकाच पक्का आहे. दुसऱ्या भागाबद्दल पुढे लिहिलं आहे.

बिडी तर पानाची असते. सिगारेटपेक्षा ती सौम्य नाही का?

नाही, आणि हा गैरसमज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे.

बिडीत तंबाखू कमी असतो हे खरं, सिगारेटच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा. पण ती गुंडाळतात तेंदूच्या पानात, म्हणजे आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातल्या टेंभुर्णीच्या पानात. या पानाला कागदासारखी छिद्रं नसतात, त्यामुळे ते नीट पेटत नाही. बिडी ओढणाऱ्या माणसाकडे जरा वेळ लक्ष देऊन बघा. दोन मिनिटं बोलत राहिला की बिडी विझते, मग पुन्हा काडी ओढायची. विझू नये म्हणून तो भरभर आणि जोर लावून झुरके घेतो, गाल आत जाईपर्यंत. टोकाला फिल्टर नसतो. परिणाम असा की एवढ्याशा तंबाखूतून निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकं किंवा त्याहूनही जास्त आत जातं.

२००८ साली भारतातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी ६ वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या बायकांचं ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं १० वर्षांनी कमी झाल्याचं दिसलं. ६ हा आकडा १० पेक्षा लहान आहे, पण त्याला सौम्य म्हणण्याची माझी तरी तयारी नाही.

गांजा तंबाखूपेक्षा कमी वाईट असतो, हे खरं आहे का?

या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो "गांजा औषध आहे" म्हणणारा असो किंवा "गांजाने फुप्फुसं सडतात" म्हणणारा.

निकोटीन आणि टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) बाजूला ठेवलं तर दोन्ही धूर बरेचसे सारखे आहेत. डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं दोन्हींत असतात. वाळलेलं झाडपान जाळून त्याचा धूर गिळला की हे येणारच. फरक पडतो तो ओढण्याच्या पद्धतीत. १९८८ साली अमेरिकेत १५ पुरुषांवर एक प्रयोग झाला, त्यात त्याच माणसांनी तंबाखूही ओढला आणि गांजाही. गांजा ओढताना त्यांचे झुरके मोठे होते, धूर अधिक खोलवर गेला आणि तो सुमारे चौपट वेळ आत धरून ठेवला गेला. दर कांडीमागे (म्हणजे एका जॉइंटमागे किंवा सिगारेटमागे) रक्तातलं कार्बन मोनॉक्साइड तंबाखूच्या जवळजवळ पाचपट वाढलं आणि सुमारे तिप्पट डांबर आत ओढलं गेलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सिगारेट ओढणारा दिवसाला दहा-वीस ओढतो, गांजा ओढणारे तितक्या वेळा क्वचितच ओढतात. म्हणून कांडीला कांडी लावून तुलना केली तर गांजा जड, आणि वर्षभराच्या धुराचा हिशेब मांडला तर बहुतेकांच्या बाबतीत तंबाखू जड.

पण गांजाने फुप्फुसांची ताकद कमी होत नाही, असं संशोधनच आहे ना?

हा प्रश्न कॉलेजची मुलं विचारतात, आणि वाचून आलेली असतात. २०१२ साली एका नावाजलेल्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास त्यांच्या डोक्यात असतो. पाच हजारांहून जास्त तरुण माणसांना वीस वर्षं तपासत राहून तो केला होता. अधूनमधून गांजा ओढणाऱ्यांची फुंकण्याची क्षमता घटलेली दिसली नाही, उलट किंचित जास्तच भरली. रोज एक कांडी याप्रमाणे सात वर्षं, इतक्या एकूण प्रमाणापर्यंत हे चित्र कायम होतं. खोल श्वास ओढण्याच्या सवयीने छाती ताणली जात असावी, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात.

आता मुलं जे वाचत नाहीत ते. त्याच अभ्यासात महिन्याला वीसहून जास्त वेळा ओढणाऱ्यांमध्ये क्षमता उतरणीला लागल्याची चिन्हं होती. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात एकाच काळात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा अजून चालू आहे. त्यात गांजा ओढणाऱ्यांच्या श्वासनलिकांमधला अडथळा वाढलेला आणि फुप्फुसात हवा अडकून राहत असलेली दिसली. फुंकण्याचा एक आकडा चांगला आला म्हणजे नळ्या निरोगी आहेत, असं होत नाही. २०२२ साली कॅनडातल्या ओटावामध्ये सीटी स्कॅनचा एक अभ्यास झाला. गांजा ओढणाऱ्या ५६ जणांपैकी तीन चतुर्थांश लोकांत एम्फिसीमा आढळला, नुसता तंबाखू ओढणाऱ्यांत ६७ टक्के. अभ्यास लहान होता आणि गांजा ओढणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना तंबाखूचीही सवय होती, म्हणून त्यावरून गांजाला सगळा दोष देता येत नाही. पण तो विसरूनही चालणार नाही.

आपल्याकडे साधू-गोसावी पिढ्यान्पिढ्या चिलीम ओढतात. त्यांना काही होत नाही, मग आम्हालाच का होईल?

त्यांना काही होत नाही हे ठरवलं कोणी? ब्रिटिश सरकारने १८९३ साली भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता, हजाराहून जास्त साक्षी घेतल्या होत्या. १८९४ च्या अहवालात आयोगाने गांजाला बराच दिलासा दिला. बेताने घेतल्यास शरीराला विशेष अपाय दिसत नाही, आणि गांजामुळे दमा होतो हे काही खरं नाही, असं लिहिलं. पण जास्त ओढणाऱ्यांना ब्राँकायटिस (श्वासनलिकांची सूज) होऊ शकतो आणि तो मुख्यतः धुरामुळे होतो, हेही तिथेच नोंदवलं आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, सीटी स्कॅन नसताना, केवळ साक्षी ऐकून काढलेला हा निष्कर्ष आजच्या अभ्यासांशी जुळतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

चिलमीला ओली साफी (फडकं) लावली किंवा हुक्क्यात पाणी असलं तर धूर गाळला जात नाही का?

साफीवर एका फेरीत उमटणारा पिवळट-तपकिरी डाग खरा आहे. तो अडलेल्या डांबराचा आहे. पण फडक्यात अडकतात ते मोठे थेंब. हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचणारे कण त्याहून कितीतरी बारीक असतात, आणि कार्बन मोनॉक्साइड हा तर वायूच आहे. हुक्क्यातल्या पाण्याने धूर गार होतो, एवढंच. गार धूर टोचत नाही, म्हणून माणूस तो जास्त खोल आणि जास्त वेळ ओढतो. शिवाय हुक्क्याच्या कोळशाचं कार्बन मोनॉक्साइड वेगळं. महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ पासून बंदी आहे.

दम रोखून धरला की नशा जास्त चढते, म्हणतात.

टीएचसी पहिल्या काही सेकंदांतच शोषलं जातं. त्यापुढे दम रोखून नशेत विशेष फरक पडत नाही, हे प्रयोगांत तपासलेलं आहे. डांबराचे कण मात्र तेवढ्या वेळात फुप्फुसात जास्त बसतात. डोकं गरगरतं त्याला नशेइतकंच ऑक्सिजन कमी पडणंही कारण असतं.

कर्करोगाचं काय?

तंबाखूबद्दल वाद १९५० सालीच मिटायला लागला होता. लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांवरून रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, आणि १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याने, तो अधिकृतपणे मांडला. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यांतली किमान ६९ कर्करोगकारक आहेत.

गांजाबद्दल अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. लॉस एंजेलिसमधल्या २००६ च्या अभ्यासात संबंध सापडला नाही. न्यूझीलंडच्या २००८ च्या अभ्यासात जास्त ओढणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला. अडचण अशी की नुसता गांजा आणि तोही वीस-तीस वर्षं ओढणारी माणसं अभ्यासाला पुरेशी मिळत नाहीत. "कर्करोग होतो" हे सिद्ध नाही. "होत नाही" हेही सिद्ध नाही. आणि कांडीत अर्धा तंबाखू भरत असाल तर या वादाचा तुम्हाला काहीच उपयोग नाही, तुमच्यासाठी तंबाखूचं उत्तर लागू आहे.

आम्ही सिगारेट मोकळी करून त्यात माल भरतो. फार तर निम्मा तंबाखू असतो.

यात दोन गोष्टी घडतात. एक, बिनफिल्टरचा तंबाखू तुम्ही गांजाच्या पद्धतीने ओढता, म्हणजे खोल आणि रोखून. दोन, निकोटीनची सवय लागते. मग गांजा मिळाला नाही त्या दिवशी सिगारेट लागते. "मी सिगारेट ओढतच नव्हतो, जॉइंटमुळे लागली," असं सांगणारी मुलं ओपीडीत येतात. दोन्ही ओढणाऱ्यांत खोकला, कफ आणि धाप एकेकटं ओढणाऱ्यांपेक्षा जास्त आढळते. दोन्ही एकदम सुटत नसेल तर आधी कांडीतला तंबाखू काढा, हे मी त्यांना सांगते.

गांजाने दम्याला आराम पडतो का?

टीएचसीने श्वासनलिका थोडा वेळ रुंदावतात, हे १९७० च्या दशकात मोजलेलं आहे. म्हणून तासाभरापुरता आराम वाटतोही. पण त्याबरोबर जाणारा धूर नळ्या सुजवतो. दम्यासाठी इनहेलर आहे. इनहेलरची सवय लागते या भीतीने तो टाळून चिलीम ओढणारा रुग्ण मी पाहिला आहे, आणि ती भीती निराधार आहे.

व्हेप (ई-सिगारेट) बरा का?

२०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना अचानक गंभीर इजा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले, ६८ दगावले. बहुतेकांनी टीएचसीची द्रावणं ओढली होती आणि त्यांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. भारतात ई-सिगारेटची विक्री, आयात आणि साठवण यांवर २०१९ पासून बंदी आहे. जे मिळतं ते चोरून, आत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

टीबीशी याचा काय संबंध?

मोठा आहे, आणि आपल्या देशात तर याबद्दल सगळ्यात आधी बोलायला हवं. सफाई बंद पडलेल्या आणि पेशी दुबळ्या झालेल्या फुप्फुसात टीबीच्या जंतूला पाय रोवायला सोपं जातं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तमिळनाडूतल्या अभ्यासात बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत टीबीने मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त होतं. गांजाची मैफल बंद खोलीत, दाटीवाटीने बसते. त्यात एकाला टीबी असेल तर त्याच्या खोकल्यातून जंतू बाकीच्यांपर्यंत पोचायला अशी जागा फार सोयीची. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं किंवा थुंकीत रक्त असेल तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

साठवणीत बुरा आलेल्या गांजाचाही एक धोका आहे. त्यातल्या ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू जळूनही सगळे मरत नाहीत. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव बदललेल्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकतं.

ओढल्यावर एकदम छातीत कळ आली आणि दम लागला. काय असू शकतं?

थांबू नका, तातडीने रुग्णालयात जा. फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी हवेचे फुगे तयार होतात आणि त्यातला एखादा फुटला की हवा फुप्फुसाबाहेर, छातीच्या पोकळीत साठते आणि फुप्फुस आकसतं. उंच, सडपातळ तरुणांत हे जास्त दिसतं आणि धूम्रपानाने धोका कित्येक पट वाढतो. दम रोखून ओढणाऱ्यांतही असे रुग्ण नोंदलेले आहेत. डॉक्टरांना काय ओढलं होतं ते खरं सांगा.

एक्स-रे नॉर्मल आला. म्हणजे काही नाही ना?

एक्स-रेमध्ये सुरुवातीचा सीओपीडी दिसत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री करावी लागते. नाकाला चिमटा लावतात, नळी ओठांत घट्ट धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून सोडायचा. तंत्रज्ञ बाजूला उभा राहून "फुंका, फुंका, अजून, अजून" असं ओरडत असतो, कारण निदान सहा सेकंद सोडत राहावं लागतं. निरोगी माणसाची बहुतेक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर येते. सीओपीडीच्या रुग्णाची येत नाही. पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली आणि औषध देऊनही तशीच राहिली, तर नळ्या अरुंद झालेल्या आहेत.

चाळिशी उलटलेल्या प्रत्येक बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने ही तपासणी एकदा करावी. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आयाबायांनीही करावी, त्यांना हाच आजार होतो आणि त्यांची तपासणी सगळ्यात उशिरा होते.

मी दिवसाला दोनच ओढतो.

रोजची संख्या गुणिले वर्षं, असा हिशेब आम्ही करतो. दहा बिड्या तीस वर्षं म्हणजे ३००, आणि ३०० च्या वर गेलं की जड धूम्रपान. तुमचा आकडा लहान असेल, पण हृदय हा गुणाकार मानत नाही. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो.

आता सोडून काय उपयोग? जे व्हायचं ते झालं.

मला सगळ्यात जास्त ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आवडतं तो हा.

वयाच्या तिशीनंतर प्रत्येकाचीच फुंकण्याची क्षमता वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने उतरते. अमेरिका आणि कॅनडात ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांचा ११ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ओढत राहिलेल्यांची क्षमता वर्षाला सुमारे ६० मिलिलिटरने घटली आणि सोडलेल्यांची जवळजवळ सामान्य वेगाने. गेलेलं परत येत नाही, पण गळती निम्म्यावर येते. साठीत जिना चढता येणं आणि न येणं यातला फरक एवढाच असतो.

ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासात तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सुमारे १० वर्षांचं आयुष्य वाचवलं, चाळिसाव्या वर्षी ९, पन्नासाव्या वर्षी ६ आणि साठाव्या वर्षी सोडूनही ३. गांजाच्या बाबतीत ड्युनेडिनच्या अभ्यासात सोडलेल्यांचा खोकला आणि कफ न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आला.

सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो. सिलिया पुन्हा कामाला लागल्याने साठलेला कफ निघतो. घाबरून पुन्हा पेटवू नका.

सोडायचं कसं? चार वेळा सोडून झालं.

निकोटीनची तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात तीव्र असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. गांजा सोडल्यावर झोप उडते, चिडचिड होते, विचित्र स्वप्नं पडतात. पहिला आठवडा जड जातो. नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्यांपेक्षा औषध आणि समुपदेशन घेणाऱ्यांना यश जास्त मिळतं. निकोटीनचा च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतो, पण लोक तो चघळतच राहतात आणि मग मळमळतं. चार-सहा वेळा चावून जीभ चुरचुरली की तो गालात दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. व्हरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने.

तंबाखूसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक आहे, गांजासाठी व्यसनमुक्तीचा १४४४६. आणि बिडी सोडून मशेरी किंवा मळलेल्या तंबाखूवर येऊ नका. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. फुप्फुस वाचवून जबडा गमावणारे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत.

डॉक्टरांना गांजाचं सांगितलं तर पोलिसांत जाईल का?

रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. गांजाचं सेवन १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षणाची तरतूद आहे. भूल देण्याआधी तर हे सांगायलाच हवं, कारण भुलेची मात्रा त्यावर बदलते.

वडिलांना घरी ऑक्सिजन लावला आहे, तरी लपून बिडी ओढतात. काय करू?

आधी आगीचा धोका टाळा. ऑक्सिजन चालू असताना काडी पेटली तर नाकातली नळी भडकते आणि चेहरा, श्वासनलिका भाजतात. मशीन नुसतं बंद करून लगेच पेटवणंही धोक्याचं, कपड्यांत आणि पांघरुणात ऑक्सिजन काही वेळ साठून राहतो. काडेपेटी, लायटर आणि देवघरातली निरांजनसुद्धा त्या खोलीतून हलवा. नाकाला व्हॅसलीन किंवा तेल लावू नका. आणि त्यांच्यावर ओरडू नका. पंचाहत्तराव्या वर्षी लपून ओढणाऱ्या माणसाला आपण काय करतोय ते कळत असतं, फक्त तलफ सहन होत नसते. पुढच्या वेळी त्यांना घेऊन या आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना निकोटीनच्या गोळ्या किंवा पट्टी लिहून द्यायला सांगा.